चव्हाट्यावरची मुकी भाषा

चार वाटा जिथे मिळतात तो चव्हाटा. आपल्या पूर्वजांना ही जागा कधीच फारशी भरवशाची वाटली नाही. उतारा टाकायचा तो तिठ्यावर, लिंबू ओलांडायचे नाही ते तिठ्यावर. आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली म्हणजे तर अब्रूच गेली! यामागे भुताखेतांची भीती किती आणि अनुभव किती, हे सांगणे कठीण. पण एवढे खरे, की अनोळखी माणसांची गाठ पडते ती वाटा मिळतात तिथेच, आणि आधी कोणी जायचे हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. घरच्या पंगतीत तो वयाने सुटतो, दरबारात मानाने सुटतो. चौकात मात्र समोरचा कोण, वयाने केवढा, कुठे निघालेला, काही ठाऊक नसते. आणि निर्णय तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घ्यायचा असतो. तोही तोंडाने न बोलता!

तोंडाने न बोलता, हे अलीकडचे. बैलगाडी आणि टांगा यांच्या काळात चौकातला व्यवहार बोलूनच होत असे. टांगेवाला चाबकाचा दांडा फिरत्या चाकाच्या आऱ्यांत धरी. त्या टकटक आवाजाने पुढचा पादचारी बाजूला होई. न झाला तर टांगेवाल्याची जीभ होतीच. दोन टांगे समोरासमोर आले तर दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत, बहुधा नावेही ठाऊक असत. घोड्याची चाल अशी, की चूक झाली तरी ती सुधारायला चार क्षण मिळत. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली. ट्रामचा चालक पायाने घंटा वाजवीत जाई. पण ट्राम रूळ सोडून कुठे जाणार? तिच्या मनात काय आहे, याचा कोणाला संशय येण्याचे कारणच नव्हते. मनातले ओळखण्याची पाळी आली ती मोटारीमुळे. मोटार कुठेही वळू शकते, क्षणात थांबू शकते, आणि तिच्यातला माणूस आवाजाच्या टप्प्यापलीकडे असतो. तेव्हा मोटारीला भाषा हवी झाली. ही भाषा कशी घडली आणि कशी बिघडली, याची हकिकत मोठी बोधप्रद आहे.

तिची सुरुवात मात्र मोटारीच्याही आधी झाली. लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळच्या चौकात घोडागाड्यांची एवढी गर्दी होई, की रस्ता ओलांडणे जिवावर येई. जॉन पीक नाइट नावाचे रेल्वेतले एक अधिकारी होते. रेल्वेच्या फाट्यावर खांब आणि हात चालतात, तर रस्त्याच्या फाट्यावर का चालू नयेत, असा त्यांचा साधा विचार. डिसेंबर १८६८ मध्ये तसा खांब उभा राहिला. दिवसा त्याचे लाकडी हात हलत, रात्री गॅसचे तांबडे आणि हिरवे दिवे लागत. हात आडवा म्हणजे थांबा. तिरपा उतरला म्हणजे जपून चला. महिना उलटायच्या आतच, जानेवारी १८६९ मध्ये, गळणाऱ्या गॅसचा स्फोट होऊन दिवा चालविणारा पोलीस भाजला, आणि तो प्रयोग तिथेच संपला.

या कथेत लोक स्फोटाची गोष्ट आवडीने सांगतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या खांबावर हिरव्याचा अर्थ ‘जा’ असा नव्हता. ‘पायी चालणाऱ्यांकडे लक्ष ठेवून जपून जा’ असा होता. कारण त्या काळी रेल्वेतही हिरवा म्हणजे सावधानतेचा रंग. रस्ता मोकळा असल्याची खूण होती पांढरा दिवा. पुढे ध्यानात आले, की तांबड्या दिव्याची काच फुटून पडली तर आतली ज्योत पांढरीच दिसते. म्हणजे ‘थांब’ म्हणणारा दिवा मोडला की ‘बेलाशक ये’ असे म्हणू लागतो! म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची सद्दी संपली आणि मोकळ्या वाटेचा मान हिरव्याला मिळाला. त्या बदलात ‘जपून’ हा शब्द मात्र गळून पडला. आज हिरवा दिवा लागताच आपण जे उधळतो, त्यात तो जुना अर्थ कुणाला आठवतो?

पुढची वाटचाल अमेरिकेत झाली. ५ ऑगस्ट १९१४ रोजी क्लीव्हलँड शहरात विजेचे तांबडे-हिरवे दिवे लागले. रंग बदलण्यापूर्वी घंटा होई. १९२० साली डेट्रॉइटमधील विल्यम पॉट्स या पोलिसाने दोहोंच्या मध्ये पिवळा बसविला. घंटेचे काम रंगाकडे आले. थांबण्याची तयारी करायला दोन क्षण मिळावेत, एवढाच पिवळ्याचा हेतू. पण माणसाचा स्वभाव असा, की मुदत दिली की ती संपण्यापूर्वी पलीकडे पोचण्याचीच घाई त्याला होते. शाळेची पहिली घंटा झाल्यावर सावकाश चालणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

असो. दिवे थोडे, चौक फार. जगातले बहुसंख्य चौक आजही दिव्यांवाचूनच आहेत, आणि तिथे माणसाला आपल्या हातावरच भिस्त ठेवावी लागली. ब्रिटनमध्ये १९३१ साली रस्त्याच्या नियमांची पहिली पुस्तिका निघाली, तीत मोटारवाल्यांसाठी हाताच्या खुणा होत्या, तशा घोडागाडीवाल्यांसाठी चाबकाच्याही होत्या. चाबूक डोक्यावर फिरवून जिकडे वळायचे तिकडे कलता धरायचा. आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. १९३९ साली दुसरा आला, त्याच्या परिशिष्टांत चालकाच्या हस्तसंकेतांची रीतसर यादीच होती. हीच परंपरा १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही चालू राहिली.

ती यादी वाचण्यासारखी आहे. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा खाली करून, वरखाली हलवावा. थांबायचे असेल तर कोपरापासून हात उभा धरावा. उजवीकडे वळायचे असेल तर हात सरळ आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचे तर आडवा हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवावा. आणि पाचवी खूण: मागून येणाऱ्याला ‘तू पुढे जा’ असे सांगायचे असेल तर आडवा हात मागून पुढे, पुढून मागे, अर्धवर्तुळात झुलवावा.

पहिल्या चार खुणा चालक स्वतःविषयी देतो: मी हळू होतो, मी थांबतो, मी वळतो. पाचवी एकटी दुसऱ्याविषयी आहे: तू जा. ती सौजन्याची खूण, आणि आपल्या सगळ्या घोटाळ्यांचे मूळही तीच. हात होता तोवर घोटाळा नव्हता. हात स्थिर, म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे. हात झुलता, म्हणजे तू पुढे ये. एकाच हाताचे दोन अर्थ, पण हालचालीने वेगळे केलेले. ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचा अर्थ बदलावा तसे.

पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. प्रथम दाराच्या खांबातून टुणकन बाहेर येणारा, उजळणारा छोटा हात निघाला. मॉरिस मायनरसारख्या जुन्या गाड्या पाहिलेल्यांना तो आठवत असेल. मग लुकलुकणारे दिवे आले. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९ च्या गाड्यांत ते दिले. ही सोय झाली खरी. पाऊस असो, रात्र असो, हात भिजवण्याचे कारण उरले नाही. पण उजव्या दिव्याला लुकलुकणे एवढेच ठाऊक! स्थिर हात आणि झुलता हात हा भेद त्याला करता येईना. मालट्रकचा चालक मात्र जुन्या सवयीचा. घाटमाथ्यावर मागे तिष्ठणाऱ्या मोटारीला ‘साइड’ द्यायची, तर तो आता हात झुलवण्याऐवजी उजवा दिवा लावू लागला. मागच्याने त्याचा अर्थ ‘ये’ असा घेतला, आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरला. एखाद्या वेळी मात्र पुढे उजव्या हाताला पेट्रोलपंप असतो किंवा गावाचा फाटा असतो, आणि ट्रकला खरोखरच वळायचे असते. काही चालक तर हाच दिवा ‘समोरून गाडी येते आहे, येऊ नकोस’ या अर्थी लावतात. एक दिवा, तीन अर्थ!

शाळेत आम्ही मुलांना श्लेष शिकवतो. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की तो अलंकार. काव्यात त्याची गंमत अशी, की वाचकाला दोन्ही अर्थ दिसतात. रस्त्यावरच्या श्लेषात बोलणाऱ्याला एकच अर्थ दिसतो आणि ऐकणाऱ्याला दुसरा. तो अलंकार राहत नाही. त्याचा पंचनामा करावा लागतो.

असाच दुसरा श्लेष चारही दिव्यांचा. गाडी बंद पडली, रस्त्यात अडथळा झाला, तर चारी दिवे एकदम लुकलुकावेत अशी योजना आहे. आपल्याकडच्या पुष्कळ सद्गृहस्थांनी त्याचा एक नवाच उपयोग शोधला आहे. डावा दिवा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, तेव्हा दोन्ही म्हणजे सरळ! तर्कशास्त्रात बसवायला गेले तर हे अगदीच टाकाऊ नाही. पण चौकात डाव्या हाताच्या रस्त्यावर उभा असलेल्याला या गाडीची पुढची डावी कडाच काय ती दिसते. बाकीचे दिवे दुसऱ्या गाडीने झाकलेले. त्याला वाटते, ही डावीकडे वळणार, म्हणजे मला वाट मोकळी. तो पुढे येतो, आणि सरळ जाणारी गाडी सरळच येते. दोघेही नंतर शपथेवर सांगतात, की मी खूण केली होती, मी खूण पाहिली होती. दोघेही खरेच बोलत असतात.

सर्वांत कठीण श्लेष मोठ्या दिव्यांच्या उघडझापीचा. १९६८ साली व्हिएन्ना येथे रस्त्यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० साली सामील झाला. त्यात दिव्यांची उघडझाप ही इशाऱ्याची खूण आहे, भोंग्याच्या जागी वापरायची. ब्रिटनच्या नियमपुस्तिकेतही तिचा अर्थ एकच: मी इथे आहे. पण नियमाला विचारतो कोण? इंग्लंडमधल्या चालकांनी आपसांत तिचा अर्थ ठरवला, ‘तुम्ही या, मी थांबतो’. आपल्या चालकांनी ठरवला, ‘मी येतो, तू थांब’. विलायतेत गाडी चालवून आलेला एखादा मराठी माणूस सुटीत घरी येतो, अरुंद पुलाच्या तोंडाशी समोरच्या ट्रकने दिवे मारलेले पाहून कृतज्ञतेने हात हलवतो आणि पुलावर शिरतो, तेव्हा काय होत असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

आणि अर्थ एकच असला, तरी सगळे भागते का? इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक खटला आला होता. एका मोटारवाल्याला रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जायचे होते. समोरून बस आली. बसचा चालक भला माणूस. त्याने बस थांबवली आणि दिवे मारून मोटारीला वाट दिली. मोटार बसच्या तोंडावरून पुढे सरकली. त्याच वेळी थांबलेल्या बसला ओलांडून एक दुचाकीस्वार पुढे येत होता. मोटारीला तो दिसला नाही, त्याला मोटार दिसली नाही. बस मध्ये होती. टक्कर झाली. दोष कोणाचा? न्यायालयाने बसच्या चालकाला जबाबदार धरले नाही. त्याच्या दिव्यांचा अर्थ, थोडक्यात, एवढाच धरला गेला: माझ्यापुरते म्हणशील तर ये.

‘माझ्यापुरते!’ रस्त्यावरच्या सौजन्याचे सारे शास्त्र मला या एका शब्दात साठवलेले दिसते. दान करायचे ते आपल्या खिशातले. मी थांबून माझा हक्क सोडू शकतो. माझ्या शेजारून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा हक्क मी सोडू शकत नाही, कारण तो माझा नाहीच. पण घेणारा हा हिशेब करत नाही. कोणीतरी आपल्यासाठी थांबले, हात केला, हसले, की आपल्याला वाटते आता सारा रस्ताच आपला झाला. शिवाय उपकाराचे ओझे असे, की ते लवकर फेडावेसे वाटते. हात करणाऱ्याला ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही म्हणून माणूस इकडेतिकडे न पाहता झटकन पुढे होतो. आपल्या दुपदरी रस्त्यावर म्हातारी आजी पलीकडे जाण्यासाठी उभी असते, डावीकडची मोटार थांबते, आतला गृहस्थ ‘या आजी’ म्हणून हात करतो, आजी भाबडेपणाने निघते. आणि मोटारीच्या उजव्या अंगाने, काही ठाऊक नसलेला एक तरुण दुचाकीवरून येत असतो. गृहस्थ सज्जन, आजी निरपराध, तरुणाने खूण पाहिलेलीच नाही. मग चूक कुठली? ज्याच्या ताब्यात नाही ते देऊ करण्याची.

नियमांची गरज भासली ती अशा ठिकाणी. दिवा नाही, पोलीस नाही, दोन्ही रस्ते सारख्याच मानाचे, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे १९८९ च्या नियमांनी सांगितले. मुख्य रस्ता ठरवलेला असेल तर त्यावरच्या गाडीला अग्रक्रम. यात कोणाच्या मोठेपणाचा प्रश्न नाही. नियमाचे सौजन्य हे, की ते तोंड पाहून दिले जात नाही, म्हणून ते आधीपासून ठाऊक असते.

गोल चौकांची कथा हेच दाखवते. वर्तुळ करून सगळ्यांनी एकाच दिशेने फिरावे ही कल्पना छान. पण आत शिरणाऱ्याने आधी जायचे की फिरणाऱ्याने, हे ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे स्पष्ट नव्हते. फिरणारे थांबून शिरणाऱ्यांना वाट देत. शिरणारे शिरले, की फिरणाऱ्यांची रांग मागे साठे. ती मागच्या रस्त्याचे तोंड अडवी. त्यामुळे ज्यांना बाहेर पडायचे त्यांना पडता येईना, आणि ते पडेनात म्हणून कोणालाच हलता येईना. स्वतःचे शेपूट गिळलेल्या सापासारखे सारे वर्तुळ गच्च! नोव्हेंबर १९६६ पासून नियम झाला: आत फिरणाऱ्याला, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला, आधी. रस्ता तोच, गाड्या त्याच, पण वर्तुळे वाहू लागली. दादरच्या टी. टी. ला किंवा आपल्या गावच्या पुतळ्याच्या चौकात सायंकाळी उभे राहून पाहावे, जुन्या ब्रिटनचा तो देखावा आपल्याला फुकट पाहायला मिळतो. (टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. नाव तेवढे चौकात अडकून राहिले.)

याचा अर्थ सौजन्य नकोच, असा कोणी घेऊ नये. लखनौच्या दोन नबाबांची ‘पहले आप’ करता करता गाडी चुकली, ही गोष्ट आपण हसून सांगतो. पण ‘पहले मैं’ म्हणणाऱ्यांच्या गोष्टी सांगायला पुष्कळदा कोणी उरत नाही. जुन्या चालकांनी सौजन्याला शिस्त लावली होती. घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हे आधी चालकांचे शहाणपण आहे, मग नियम. भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलताना इंजिनाचा जीव जातो. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान एस. टी. ची पहिली गाडी धावली, तेव्हापासून कंडक्टरची भाषा पाहा: एक घंटा, थांब, दोन घंटा, चल. त्यात श्लेषाला जागाच नाही. ट्रकचा क्लीनर मागे उतरून ‘आन दे, आन दे’ म्हणत पत्र्यावर थाप मारतो, तेव्हा तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगत असतो. ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ असे लिहिलेले असे. त्यामुळे विनाकारण भोंगे वाजतात म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते लिहिण्यास बंदी केली. निर्णय योग्यच, पण त्या तीन शब्दांतही मागच्याशी दोन शब्द बोलण्याची धडपड होती.

ही धडपड आता आणखी कठीण झाली आहे. काचा वर गेल्या, हात आत गेले. मध्यंतरी काचांवर काळे पडदे चढले आणि चालकाचे डोळेही दिसेनासे झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. कारण गुन्हेगारीचे होते. पण चौकात उभ्या असलेल्या पादचाऱ्यालाही तिचा उपयोग आहे, कारण समोरच्याने आपल्याला पाहिले की नाही, हे त्याला कळते.

हा सारा विषय गमतीचा वाटला, तरी त्याचा शेवट गमतीचा नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सगळी काही चौकात मेली नाहीत, आणि बहुतेकांच्या मुळाशी वेगच होता. पण कुणीतरी केलेली खूण दुसऱ्या कुणीतरी वेगळी वाचली, म्हणून घरी न पोचलेली माणसेही त्यांत असणारच. त्यांच्या मरणाला कोणी दुष्ट माणूस कारण झाला नाही, याचेच वाईट वाटते.

दिवाळीच्या दिवसांत रस्ते भरून वाहतात. माहेरवाशिणी निघतात, भाऊबीजेचे भाऊ निघतात, गाड्यांच्या मागच्या काचेला फराळाचे डबे टेकलेले असतात. अशा वेळी कोणी चौकात आपल्यासाठी थांबले तर त्याला जरूर नमस्कार करावा, आणि नमस्कार करून झाल्यावर दुसऱ्या बाजूला आपण स्वतः पाहावे. आपण कोणासाठी थांबलो तर थांबावे, स्वस्थ उभे राहावे. पण ‘या, या’ म्हणून हात करू नये. आपण थांबलो आहोत एवढे त्याला दिसते. बाकीचा रस्ता आपला नाही. तो ज्याचा त्याला पाहू द्यावा.